उताऱ्याचं पाकीट

वाचकाचं पत्र

नमस्कार काका,

मी २९ वर्षांचा आहे. मिहानमध्ये नोकरी, राहायला त्रिमूर्ती नगरात. रोज पीत नाही. पण शनिवारी आम्हा चौघा मित्रांची बैठक ठरलेली असते, काटोल रोडच्या ढाब्यावर नाहीतर कोणाच्या तरी गच्चीवर. माझा कोटा म्हणजे दोन स्ट्राँग बिअर आणि वरून दोन लार्ज व्हिस्की. रविवारी सकाळी साडेसहाला रेशीमबागेच्या मैदानावर टेनिस बॉलची मॅच असते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत काही होत नव्हतं. आता सकाळी डोकं फुटून राहिलं असते, तोंड कोरडं, हात थोडे थरथरतात.

एका मित्रानं सांगितलं, हे सगळं डिहायड्रेशन आहे, इलेक्ट्रोलाइट ड्रिंक, म्हणजे क्षारांचं पेय घे, झोपण्याआधी एक आणि उठल्यावर एक. मी टेट्रा पॅकचा अख्खा बॉक्सच आणला. काही रविवारी फरक पडल्यासारखा वाटते, काही रविवारी काहीच नाही. मागच्या रविवारी दोन पॅक पिऊनही आठ वाजता फिल्डिंग करताना चक्कर आली आणि बाउंडरीपाशी उलटी झाली. दुसरा मित्र म्हणतो, काहून पाकिटाच्या मागे लागला, एक चिल्ड बिअर मार, उतारा होते.

कोणतं इलेक्ट्रोलाइट चांगलं? आणि ते आधी घ्यायचं, मध्ये घ्यायचं की नंतर?

ता. क. बाबांना (वय ६३, बीपीची गोळी सुरू आहे) वाटते की बॉक्स मी उन्हासाठी आणला. ते रोज दुपारी एक पॅक पिऊन राहिले. त्यांना काय सांगू?

— एक वाचक, नागपूर

काकांचं उत्तर

बाबांचं आधी बोलू, कारण पत्रातली मला टोचलेली ओळ तीच आहे. त्यांना आजच सांग की हे सरबत नाही, डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबा. घाबरायचं काही नाही, रोजच्या एका पॅकनं उद्या काही कोसळत नाही. पण सवय लागण्याआधी थांबलेलं बरं. कारण शेवटी सांगतो.

आता तुझा मित्र. त्यानं अर्धी गोष्ट ऐकली आहे आणि ती अर्धी खरी आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं. मूत्रपिंडाला त्याचा निरोप एकच, 'पाणी धरून ठेव.' दारू हा निरोपच अडवते. म्हणून दुसऱ्या ग्लासानंतर गच्चीवरून खाली चकरा सुरू होतात. ३० मिलीच्या एका स्मॉल पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि त्यामागे शंभरेक मिली जास्तीची लघवी होते, असा जुना ढोबळ हिशेब आहे. इथपर्यंत मित्र बरोबर.

पण त्या चकरांमध्ये काय जातं ते बघ. लघवी पाण्यासारखी पातळ, बिनरंगाची होते. म्हणजे जातं ते मुख्यतः पाणी. मीठ फारसं जातच नाही. उलट त्याच चार तासांत तू खारे शेंगदाणे, चिवडा आणि वर सावजीचा रस्सा पोटात घातलेला असतो. रात्री झोपताना तुझ्या अंगात पाण्याच्या मानानं मीठ कमी नसतं, झालं तर जास्तच असतं. म्हणून तर पहाटे तहानेनं जाग येते. अशा माणसाला इलेक्ट्रोलाइट पाजणं म्हणजे खारट झालेल्या वरणात आणखी मीठ टाकून चव बघण्यासारखं आहे. त्याला साधं पाणी हवं असतं, माठातलं, दोन-तीन पेले. आणि तुझी तूट काही भयंकर मोठीही नसते, कारण दोन बिअरसोबत सव्वा लिटरच्या आसपास पाणी तूच पोटात घातलेलं आहे.

मग डोकं का फुटतं?

त्यासाठी तुझा कोटा मोजू. वाहीवर मोजून बघ, मीही कागदावरच केलं. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के असते. एक लार्ज म्हणजे ६० मिली, त्यात २० ग्रॅम अल्कोहोल, दोनाचे ४०. आता बिअर. 'बिअरच तर आहे' असं जे म्हणतात ना, त्यांनी बाटलीवरचं लेबल कधी वाचलेलं नसतं. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते. ६५० मिलीच्या एका बाटलीत जवळपास ४० ग्रॅम, म्हणजे चार स्मॉल पेग. दोन बाटल्यांचे ८०. एकूण १२० ग्रॅम. तू 'दोन बिअर, दोन पेग' म्हणतोस, तुझं यकृत 'बारा स्मॉल' मोजतं.

हे यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निस्तरतं. त्याहून घाई करत नाही. कॉफीनं नाही, थंड पाण्याच्या आंघोळीनं नाही, पाकिटानं तर नाहीच. १२० ग्रॅमला बारा ते सतरा तास. साडेआठला पहिली बाटली उघडली असं धरलं, तर हिशेब रविवारी सकाळी साडेआठ ते दुपारी दीडच्या मध्ये कधीतरी संपतो. तू साडेसहाला रेशीमबागेत टॉस उडवत असतोस. म्हणजे त्या वेळी तुला हँगओव्हर झालेलाच नसतो रे बाबा, तू अजून प्यायलेला असतोस. हँगओव्हर दारू रक्तातून जवळपास संपत आली की रंगात येतो. तुझा खरा रविवार तर मॅचनंतर सुरू होतो.

एक ओघात सांगतो. आपल्या कायद्यात गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे. त्रिमूर्ती नगरातून रेशीमबागेला पहाटे बाइकवर जातोस तेव्हा तू त्या मर्यादेच्या चांगलाच वर असण्याची दाट शक्यता आहे. आणि शनिवारी रात्री काटोल रोडवरून परत कसा येतोस, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. मी विचारतो आहे असं समज.

तर डोकं. यकृत दारूचं आधी असिटाल्डिहाइड करतं, हे चांगलंच विषारी रसायन, आणि मग त्याचं असिटेट. या सगळ्या धामधुमीत शरीरात सूज आणणारी द्रव्यं वाढतात, फ्लू येताना अंग मोडून येतं तशीच. जठराचं अस्तर चिडलेलं असतं, म्हणून मळमळ. झोपेचं म्हणशील तर दारूनं झोप लागते लवकर, पण उत्तररात्री ती चिंध्या होऊन येते. सात तास झोपून उठलास तरी मेंदू चारच तास झोपलेला असतो. रिकाम्या पोटी प्यायलं की यकृताचं साखर तयार करण्याचं काम मागे पडतं, त्यानंही हात थरथरतात. व्हिस्की, ब्रँडी, डार्क रम यांत रंगासोबत इतरही उपपदार्थ असतात, थोडं मिथेनॉल धरून, त्यामुळे व्होडकापेक्षा त्यांचा त्रास थोडा जास्त. या यादीत पाण्याची कमतरता आहे, पण ती शेवटच्या बाकावर बसलेली. तोंड कोरडं पडणं, तहान, थोडी चक्कर, एवढं तिचं काम. संशोधकांनी हँगओव्हर झालेल्या लोकांच्या रक्तातले क्षार मोजले, तर त्रास किती तीव्र आहे आणि क्षार किती आहेत यांचा मेळ बसला नाही. ज्यांचं डोकं जास्त दुखत होतं त्यांचं सोडियम कमी होतं, असं काही निघालं नाही.

उपायांचंही तसंच. २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक आढावा आला होता, तोवर झालेल्या हँगओव्हरच्या उपायांच्या चाचण्यांचा. खात्रीनं चालतं असं काही हाती लागलं नाही. २०२२ साली 'अ‍ॅडिक्शन' या नियतकालिकात पुन्हा २१ चाचण्या तपासल्या गेल्या. निष्कर्ष तोच, पुरावा फार कच्चा. जगभर या एका सकाळसाठी लोक पैसे मोजायला तयार आहेत, आणि इतकी वर्षं झाली तरी कोणाला गोळी सापडलेली नाही.

मग काही रविवारी तुला फरक का वाटला? पॅकमध्ये पाणी होतं, ते तुला हवंच होतं. साखर होती, तिनं थरथर थोडी कमी झाली. आणि ज्या शनिवारी तू 'आज शहाण्यासारखं वागू' म्हणून झोपण्याआधी पॅक प्यायलास, त्याच शनिवारी कदाचित शेवटचा लार्जही अर्धाच घेतला असशील. श्रेय मात्र पाकिटाला गेलं.

इथे थोडं थांबतो, कारण या पाकिटाबद्दल मला आदर आहे आणि त्याचा असा उपयोग होताना बघून थोडा रागही येतो. मी मेडिकलला शिकत होतो त्या काळात पावसाळा लागला की गॅस्ट्रोचे पेशंट यायचे. डोळे खोल गेलेली पोरं, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहायची. त्यातली बरीचशी वाटी-चमच्यानं पाजलेल्या ओआरएसनं, म्हणजे जुलाबात द्यायच्या साखर-क्षारांच्या पाण्यानं, संध्याकाळपर्यंत हसायला लागायची. ही विद्या ज्यांनी मैदानात उतरवली ते डॉ. दिलीप महालनबीस. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा त्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात कालवलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. तिथला मृत्यूदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. २०२२ मध्ये ते गेले, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

यातली युक्ती समजून घे, म्हणजे तुझा टेट्रा पॅक कुठे बसतो ते कळेल. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकाच दारातून जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाब सुरू असतानाही हे दार उघडं असतं. म्हणून प्रमाणाला किंमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. १०० मिलीला मोजलंस तर ग्लुकोज फक्त १.३५ ग्रॅम. आता फ्रिजमधला तुझा पॅक काढ आणि मागे बघ, १०० मिलीला साखर किती लिहिली आहे. ती याच्या कितीतरी पट दिसली तर ते ओआरएस नव्हे, ते फळाच्या स्वादाचं गोड पाणी आहे, चिमूटभर क्षार टाकलेलं. साखर अशी जास्त झाली की जुलाबात ती उलट पाणी आतड्यात ओढते. याच कारणावरून हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई कित्येक वर्षं भांडल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं आदेश काढला की सूत्रात न बसणाऱ्या पेयांना नावात किंवा लेबलवर 'ओआरएस' हा शब्द वापरता येणार नाही. खेळाडूंची पेयं वेगळी जात आहे. त्यांचा उगम १९६५ सालचा, फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांसाठी केलेला. त्यांत सोडियम ओआरएसच्या साधारण चौथा हिस्सा असतं. घामासाठी ठीक, शनिवार रात्रीसाठी तेवढीच निरुपयोगी.

तर 'कोणतं' याचं उत्तर: घरात ठेवायचंच असेल तर मेडिकल स्टोअरमधलं साधं ओआरएसचं पूड असलेलं पाकीट, ज्यावर डब्ल्यूएचओचं सूत्र छापलेलं असतं. ते जेवढ्या पाण्यासाठी आहे तेवढ्याच पाण्यात घालायचं. मोठं पाकीट लिटरभर पाण्यात, छोटं २०० मिलीत. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात, उरलेलं गुंडाळून डब्यात, असं नको. कालवलेलं २४ तासांत संपवायचं, नाहीतर फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटानं पुसून सपाट, आपल्या घरी घालतात तसा शिगोशीग नाही.

आणि 'कधी'? ज्या दिवशी खरोखर क्षार जातात त्या दिवशी. दोन-तीन उलट्या झाल्या, सोबत जुलाब लागले, किंवा उन्हात तासन् तास घाम गाळला. तेव्हा घोट-घोट घ्यायचं, गटागटा प्यायलं तर चिडलेलं पोट ते परत पाठवतं. मागच्या रविवारी उलटीनंतर तू सावलीत बसून हे घेतलं असतंस तर मी तुला शाबासकी दिली असती. तू मात्र उलटीच्या आधी घेतलंस आणि त्याच्या भरवशावर मैदानात उतरलास.

मला तुझ्या मॅचचं टेन्शन तुझ्या डोक्यापेक्षा जास्त आहे. आपलं ऊन काय चीज आहे हे मी नागपूरकराला सांगायला नको. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ ला गेला होता. कूलरसमोर बसूनही जीव कासावीस होतो, अशा दिवसांत सकाळी आठचं ऊनही दुसऱ्या गावच्या दुपारसारखं असतं. अंगात दारू, झोप अर्धी, पाणी कमी, आणि वरून पळापळ. दारूनं तहानेचा, थकव्याचा, तापल्याचा अंदाजच चुकतो. चक्कर आणि उलटी ही पायरी झाली. पुढच्या पायरीवर माणूस बरळायला लागतो, अंग ४० अंशांच्या वर तापतं, आणि मित्र म्हणतात, 'रात्रीची उतरली नाही याची.' उष्माघात असाच हसण्यावारी निघतो. असं कोणाचं झालं तर पाणी पाजत बसू नका. सावलीत आडवं करा, कपडे ढिले करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

मे महिन्यात तरी शनिवार आणि रविवार यांतलं एकच निवड. बैठक हवी तर मॅच संध्याकाळची ठेवा. मॅच सकाळची हवी तर बैठक शुक्रवारी. दोन्ही लागोपाठच हवं असेल तर स्कोअरर हो, सावलीत बस.

आता त्या चिल्ड बिअरवाल्या मित्राकडे येतो. 'उतारा' हा आपला शब्द मला फार आवडतो. दृष्ट लागली की भात-लिंबू ओवाळून तिठ्यावर ठेवतात तो उतारा, विषावरचं औषध तो उतारा, तलाठ्याकडे मिळतो तो सातबाराचाही उतारा. दारूवरचा हा उतारा मात्र यातल्या पहिल्यासारखा आहे, आपल्या दारातलं उचलून पुढच्या चौकात नेऊन ठेवणं. सकाळच्या बिअरनं बरं वाटतं हे खोटं नाही. यकृत पुन्हा नव्या दारूच्या मागे लागतं, मिथेनॉलचं विषात रूपांतर व्हायचं काम लांबतं, आणि उतरू लागलेला मेंदू पुन्हा सुन्न होतो. ही सगळी उधारी दुपारी परत येते. आणि ज्याला सकाळी उताऱ्याशिवाय हात स्थिर ठेवता येत नाहीत, त्याचा प्रश्न हँगओव्हरचा राहिलेला नसतो. तुझ्या त्या मित्राकडे या नजरेनं एकदा बघ. रोज पिणाऱ्यानं अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत सरकारी फोन आहे, त्याला दे.

तुझे हात थरथरतात, तेही मी वाचलं. आठवड्यातून एकदाच पीत असशील तर ते बहुधा साखर, झोप आणि रिकामं पोट यांचं काम. पण 'दोन वर्षांपूर्वी काही होत नव्हतं' म्हणतोस. तेव्हा कोटा किती होता? दोन बिअर वर दोन लार्ज ही भर कधी पडली? मला नको सांगू, स्वतःशी आठव.

शनिवारसाठी माझं सांगणं सोपं आहे. घरून जेवून निघ, निदान वरण-भात-पोळी. चकणा म्हणजे जेवण नाही. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी, आणि ते टेबलावर आधी आलेलं असू दे. स्ट्राँगऐवजी माइल्ड घेतलीस तर एका बाटलीमागे पंधरा ग्रॅम वाचतात. बिअर आणि व्हिस्की एकत्र करू नये वगैरे जे म्हणतात, त्यात तथ्य एवढंच की मिसळलं की मोजणी चुकते. बिअरनंतरचे दोन लार्ज काढून टाकलेस तर यकृताचे चार-पाच तास वाचतात, हे कुठल्याही पाकिटाला जमणार नाही. घरी आल्यावर दोन पेले पाणी आणि झोप.

रविवारी उठल्यावर पाणी, मग लिंबाचं सरबत, मीठ-साखर घातलेलं. ताक चालेल, कैरीचं पन्हं उत्तम, नारळपाणीही चालेल, फक्त त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, एवढं लक्षात ठेव. मग मऊ खिचडी, केळं, दही-भात. आणि हात जोडून सांगतो, तर्री पोहे नको. मला माहीत आहे, बैठकीनंतरच्या सकाळी अख्खं नागपूर तिखट चण्याच्या रश्श्याच्या पातेल्याकडे ओढलं जातं. मीही जायचो. पण रात्रभर दारूनं सोललेल्या जठरावर ती लाल तर्री ओतली की अकरा वाजता छातीत जी जळजळ होते, ती माणूस हँगओव्हरच्या खात्यात लिहितो. पोहे खा, तर्री सोमवारी खा.

डोकेदुखीची गोळी रिकाम्या पोटी टाकू नकोस. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन ही मंडळी चिडलेल्या जठरातून रक्त काढू शकतात. पॅरासिटामॉलचा निचरा यकृतच करतं, आणि ते आधीच कामात बुडालेलं आहे. रोज पिणाऱ्यानं आणि ज्याच्या यकृताला त्रास आहे त्यानं ती स्वतःच्या मनानं घेऊच नये. तू दुपारपर्यंत थांब, खिचडी खा, झोप. बहुतेक वेळा गोळीची गरजच उरत नाही. 'सलाईन लावून घेतो, लगेच फ्रेश' हेही डोक्यातून काढ. अर्ध्या लिटरच्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, बाकी काही नाही. जो उलट्यांमुळे पाणीच ठेवू शकत नाही त्याच्यासाठी ती आहे.

काही गोष्टींना मात्र घरी थांबायचं नाही. हलवूनही जाग येत नाही, श्वास मंद किंवा अडखळत चालला आहे, झटका आला, उलटीत रक्त आहे, तर माणसाला कुशीवर वळवून थेट मेडिकल किंवा मेयो रुग्णालय. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं किंवा बर्फ पडल्यासारखं दिसायला लागलं तर ते मिथेनॉल असू शकतं, तास मोजायला वेळ नाही. तुम्ही पोरं वर्ध्याकडे लग्नाला जाता, तिथे दारूबंदी आहे आणि 'सोय' होते असं सांगतात. बिनलेबलच्या बाटलीला हात लावू नका, एवढंच.

आता बाबा. खऱ्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये जेवढं सोडियम असतं ते सव्वाचार-साडेचार ग्रॅम मिठाइतकं भरतं. दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, म्हणजे लोणचं-पापडाआधीच दिवसाचा वाटा जवळपास संपला. बीपीच्या माणसानं हे जुलाब-उलट्यांत जरूर घ्यावं, गारवा म्हणून रोज घेऊ नये. टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशा गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, त्यात मूत्रपिंड थोडं मंद असेल तर बाहेरून आणखी पोटॅशियम नको. आणि पॅक गोडवाला निघाला तर साखरेचा प्रश्न, ६३ व्या वर्षी शुगर तपासली आहे का? याची दुसरी बाजूही आहे. गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर तिच्यात लघवी वाढवणारं औषध असतं, आणि मे महिन्यात अशा माणसाचं सोडियम घसरूही शकतं. म्हणून त्यांचं मीठ एकदम बंदही करू नकोस. तोवर साधं पाणी, पातळ ताक, दुपारी बारा ते चार बाहेर जाणं नाही.

उरलेले टेट्रा पॅक तुझेच, रविवारी संध्याकाळच्या मॅचनंतर एकेक पी. शेजारच्या कोणाच्या लेकराला जुलाब लागले म्हणून त्यातला देऊ नकोस, त्याला पुडीवालं पाकीटच आणून दे. आणि बाबांच्या गोळीच्या पाकिटाचं नाव, शेवटचं बीपी आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा रिपोर्ट असेल तर तो, मला या आठवड्यात कळव.

— काका